थोड्या पैशांत चैत्राचा ओटा

मार्च लागला की रोपवाटिकांच्या दर्शनी भागात पिटुनियाची फुललेली रोपं ओळीनं मांडलेली दिसतात. गुलाबी, जांभळी, पांढरी, रेघांची. वसंतासाठी घराचा ओटा सजवायचा असं मनात घेऊन निघालेला माणूस हमखास त्यांच्यापाशी थांबतो, सात-आठ रोपं आणि तेवढ्याच प्लास्टिकच्या कुंड्या घेतो, आणि एप्रिल सरता सरता त्या कुंड्यांत वाळलेल्या काड्या उरतात. पाणी कमी पडलं म्हणून हे होत नाही. पिटुनिया, पँझी, डायंथस, फ्लॉक्स ही आपल्या हवेत थंडीची फुलं. पावसाळा संपत आला की त्यांचं बी पेरायचं, थंडीभर फुलं बघायची आणि उन्हं तापली की रोपं उपटून खताच्या खड्ड्यात टाकायची, असा त्यांचा क्रम आहे. मार्चमध्ये ती घेताना आपण संपत आलेल्या हंगामाचे पूर्ण पैसे मोजत असतो.

दारासमोरची जागा वसंतात कशी दिसावी याचं जे चित्र मोबाइलवरून आपल्यापर्यंत येतं, ते बहुतेक वेळा थंड देशांतलं असतं. तिथं या दिवसांत बर्फ नुकतं वितळलेलं असतं, ऊन कोवळं असतं आणि नाजूक फुलं आठवडेच्या आठवडे टिकतात. आपला वसंत चैत्र-वैशाखाचा. गुढीपाडवा येतो मार्चच्या उत्तरार्धात किंवा एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात, आणि पुढचे दोन महिने वर्षातले सगळ्यांत तापलेले. विदर्भात एप्रिलमध्येच पारा चाळिशी ओलांडतो. कोकणात तो इतका चढत नाही, पण घामानं जीव नकोसा होतो. म्हणून आपल्या ओट्यावर जे ठेवायचं ते ऊन सोसणारं हवं, पाणी कमी मागणारं हवं, आणि जे दोन दिवसांत सुकणारच आहे ते शक्यतो फुकट मिळालेलं हवं. या तीन अटी धरल्या की खर्च फारसा उरतच नाही.

ओटा म्हणताना इथं सगळ्याच दर्शनी जागा आल्या. कोकणातली पडवी आणि तिच्यापुढचं खळं, कोल्हापूर-साताऱ्याकडचा सोपा, वाड्याची ओसरी, गोव्यातल्या घरांचं दोन्ही बाजूंना बसायची सोय असलेलं बल्कांव, चाळीतली गॅलरी आणि फ्लॅटच्या दाराबाहेरची चार फूट जागासुद्धा.

काम सुरू होतं ते वस्तू उचलण्यापासून. बहुतेक दारांसमोरचा देखावा बिघडवतात त्या चपला, आणि त्यानंतर तिथं तात्पुरत्या म्हणून ठेवलेल्या गोष्टी: मोडकी खुर्ची, रंगाचे रिकामे डबे, मुलांची लहान झालेली सायकल, गेल्या गणपतीचं थर्माकोल. हे सगळं भंगारवाल्याला दिलं की चार पैसे येतातच, शिवाय रंगाला लागणाऱ्या पॉलिश पेपरचा खर्च त्यातून सुटतो. चपलांसाठी दाराच्या आत एक अरुंद फळी मारून घ्यावी. नुसती एवढी एक गोष्ट केली तरी ओटा निम्मा सजतो, असं माझं ठाम मत आहे.

मग धुणं. जुन्या घरांच्या ओट्यांवर शहाबादी फरशी असते. ती चुनखडीच्या जातीचा दगड, कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादवरून तिला नाव मिळालं. चुनखडीचं आणि आम्लाचं वैर असल्यामुळे बाजारात मिळणारं फरशीचं अ‍ॅसिड तिच्यावर ओतू नये. डाग जातो, पण वरचा गुळगुळीत थर खरवडला जातो आणि पुढच्या वेळी मळ दुप्पट धरतो. साबणाचं कोमट पाणी आणि काथ्याचा ब्रश पुरतो. मातीचं अंगण असेल तर सडा आणि सारवण. शेणातले गवताचे बारीक तंतू मातीला धरून ठेवतात, म्हणून सारवलेल्या जमिनीला भेगा कमी पडतात आणि धूळ बसते. पोतेरं फिरवताना हाताच्या कमानी एकीत एक गुंतत गेल्या की वाळल्यावर त्यांचीच नक्षी दिसते.

थोडे पैसे खर्चायचे असतील तर ते दारावर खर्चावेत. सात फूट उंच आणि तीन फूट रुंद दाराची एक बाजू म्हणजे एकवीस चौरस फूट. तिला ऑइलपेंटचे दोन हात द्यायला अर्ध्या लिटरचा डबा पुरतो, आणि चौकटीलाही थोडा उरतो. मात्र जुन्या चकचकीत रंगावर थेट नवा रंग मारू नये. आधी पॉलिश पेपरनं घासून तो खरखरीत करावा, खड्डे लांबीनं भरावेत, उघड्या पडलेल्या लाकडाला प्रायमर द्यावा. रंग टिकतो तो या आधीच्या कंटाळवाण्या दिवसामुळे. लोखंडी कठडा असेल तर तारेच्या ब्रशनं गंज काढून रेड ऑक्साइड प्रायमर. आणि दार जुन्या सागाचं असेल तर त्याला रंगाखाली गाडू नये. घासून, पुसून जवसाच्या तेलाचा पातळ हात दिला की लाकडाची वलयं उमटून येतात. एक काळजी मात्र घ्यायलाच हवी: तेलाच्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि बोळा झालेल्या चिंध्या त्या उष्णतेनं आपोआप पेट घेऊ शकतात. त्या दोरीवर पसरून पूर्ण वाळवाव्यात आणि मगच टाकाव्यात.

भिंतीसाठी चुन्यासारखं स्वस्त आणि या हंगामाला शोभेसं दुसरं काही नाही. चुनकळी पाण्यात विरवून, रात्रभर मुरू देऊन, गाळून त्यात थोडा डिंक घातला की कुंच्यानं लावण्यासारखा रंग होतो. भिंत आधी पाण्यानं भिजवून घ्यावी आणि हात पातळ द्यावेत. लावताना तो पाणचट दिसतो, पण धीर धरावा. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून विरवलेल्या चुन्याचा पुन्हा चुनखडीसारखा कठीण थर बनतो आणि दोन दिवसांत भिंत पांढरीशुभ्र होते. पांढरा रंग ऊन परतवतो, म्हणून ओट्यामागची भिंत दुपारी कमी तापते हा आणखी एक फायदा. ऑइलपेंट किंवा प्लास्टिक पेंट दिलेल्या भिंतीवर चुना धरत नाही, तिथं हा खटाटोप करू नये. चुनकळी विरताना पाणी उकळतं आणि उडतं. मुलांना लांब ठेवावं, आणि कुंचा चालवताना डोळ्यांवर चष्मा हवा.

चुन्याच्या भिंतीला तळाशी गेरूचा हातभर पट्टा ओढायची जुनी रीत आहे. पावसात अंगणातल्या चिखलाचे शिंतोडे भिंतीवर उडतात, ते त्या लाल पट्ट्यात लपतात. दिसायलाही तो पट्टा घराला बैठक देतो. पांढऱ्या चुन्यात लाल काव ही जोडी आपल्या किनारपट्टीनं फार जपली आहे. गोव्यातल्या आणि कोकणातल्या काही जुन्या देवळांच्या भिंतींवरचं कावीकाम पाहावं. चुन्याच्या गिलाव्यावर लाल मातीचा थर देऊन तो ओला असताना कोरतात, आणि खालचा पांढरा चुना रेषा होऊन वर येतो. दोन रंगांत केवढी नक्षी!

गेरूवर पांढरी रेषा काढायची दुसरी मोठी परंपरा वारली घरांची. डहाणू, तलासरी, जव्हारच्या पाड्यांवर लग्नाच्या वेळी सुवासिनी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहितात. जिव्या सोमा मशे यांनी हीच रेषा कागदावर आणि कापडावर नेली, ती जगभर पोचली, आणि 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दाराशेजारच्या भिंतीवर गेरूचा एक चौकोन देऊन, बांबूची काडी टोकाला ठेचून, तांदळाच्या पिठाची पातळ पेस्ट घेऊन त्या शैलीत झाडं, पाखरं, शेतात राबणारी माणसं काढता येतात. खर्च वाटीभर पिठाचा. लग्नाचा देवचौक मात्र शोभेसाठी काढू नये. तो त्या लोकांच्या देवीचा आहे, ती तिच्या जागी राहू द्यावी.

आता जमीन. आपल्या दारापुढच्या सजावटीचा खरा जीव इथं आहे, आणि ती सगळ्यांत स्वस्तही आहे. देशावर शिरगोळ्याची रांगोळी वापरतात, पांढऱ्या मऊ दगडाचं ते पीठ. कोकणात भाताची तुसं जाळून मिळणारी पांढरी राख रांगोळी म्हणून चालते. शिरगोळ्याच्या पिठाला वजन असल्यानं ते चिमटीतून सरळ पडतं आणि वाऱ्यानं लगेच उडत नाही. तांदळाच्या पिठाला मुंग्या येतात, पण ते पाखरांना आणि मुंग्यांना घातल्याच्या समाधानानं मुद्दाम वापरणारीही घरं आहेत.

सिमेंटच्या कोब्यावर किंवा फिकट टाइल्सवर पांढरी रांगोळी उठून दिसत नाही. तिथं आधी गेरू कालवून चौकोन सारवून घ्यावा. पाण्यात कालवलेला गेरू पायानं लवकर जातो, त्यात चमचाभर फेव्हिकॉल घातला तर तो बरेच दिवस तग धरतो. चकचकीत टाइल्सवर मात्र असं करण्याआधी एका कोपऱ्यात करून पाहावं, कारण सांध्यातल्या सिमेंटमध्ये शिरलेला लाल रंग सहजी निघत नाही. काळसर शहाबादी फरशीला गेरूचीही गरज पडत नाही. तिच्यावर पांढरी रेघ आपोआप लखलखते.

हात वळत नसेल तर ठिपक्यांची रांगोळी घालावी. जाड कागदावर पेन्सिलीनं समान अंतरावर खुणा करायच्या आणि पेटत्या उदबत्तीनं प्रत्येक खुणेवर भोक पाडायचं. असा कागद जमिनीवर ठेवून त्यावर रांगोळी फिरवली की ठिपके सरळ रांगेत पडतात, आणि कागद वर्षानुवर्षं पुरतो. रंगांची पाकिटं आणायचीच असं नाही. पिवळ्यासाठी हळद आहे. हळदीत किंचित चुना मिसळला की ती लाल होते, कारण हळदीतलं कुरकुमिन अल्कधर्मी पदार्थ लागला की रंग बदलतं. लहान मुलांना हे करून दाखवावं, त्यांना फार मौज वाटते. गेरूचा तांबडा, विटेच्या चुऱ्याचा केशरी आणि कोळशाचा काळा धरला तर घरच्या घरी पाच रंग होतात.

आणि चैत्रात काढायची रांगोळी कुठली, हे तर आधीच ठरलेलं आहे. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर माहेराला येते आणि अक्षय तृतीयेपर्यंत महिनाभर राहते. त्या महिन्यात अंगणात, तुळशीपाशी किंवा देवघरापुढे चैत्रांगण काढतात. मध्ये गौर, वर आंब्याच्या डहाळ्या आणि तोरण, बाजूंना सूर्य आणि चंद्र, आणि मग शंख, चक्र, गदा, पद्म, स्वस्तिक, गोपद्मं, तुळशीवृंदावन, कासव, नाग, हत्ती, गाय-वासरू, मोर, फणी-करंडा, विंझणा. ही नुसती शुभचिन्हांची यादी म्हणून पाहिली तर रुक्ष वाटेल. जवळून पाहिलं तर माहेरी आलेल्या लेकीचं सगळं जग त्यात मांडलेलं आढळतं. तिच्या डोक्यावर सावली आहे, वारा घ्यायला विंझणा आहे, केस विंचरायला फणी आहे, दारात गाय आहे. उन्हाळा सुसह्य करणाऱ्या वस्तूंचं असं चित्र घराच्या उंबऱ्यापाशी काढावं, ही कल्पना जिला सुचली असेल तिच्यापुढे मान लववावी. हे सारं एका दिवशी काढणं नवख्याला जमत नाही. पहिल्या दिवशी गौर, सूर्य-चंद्र आणि दोन गोपद्मं काढावीत आणि रोज एखादं चिन्ह वाढवत न्यावं. महिना हाताशी असतोच. हळदीकुंकवाला येणाऱ्या बायकांच्या हाती आंब्याची डाळ आणि पन्हं देताना कोणी ना कोणी वाकून एखादी विसरलेली खूण स्वतः काढून देते. चैत्रांगण असंच पुढे आलं आहे.

चौकटीला तोरण हवं. पाडव्याच्या आदल्या दिवशी झेंडूचा भाव चढतो, हे मुंबईतल्या दादरच्या फुलबाजारापासून तालुक्याच्या मंडईपर्यंत सगळीकडे खरं. म्हणून तोरणाचा भार आंब्याच्या पानांवर ठेवावा आणि फुलं मध्ये मध्ये टिकलीसारखी घालावीत. तीन फुटी दाराला अठरा-वीस पानं लागतात, आणि पाच पानांमागे एक फूल धरलं तर चार-पाच झेंडू पुरतात. चैत्रात आंब्याला तांबूस, लवलवती पालवी असते, ती मोहात पाडते, पण तोरणाला घेऊ नये. तासाभरात ती मान टाकते. जून, गर्द हिरवी पानं तासभर पाण्यात बुडवून ठेवावीत, देठाकडून दुमडून खराट्याच्या हिरानं टाचावीत आणि सुतळीवर ओवावीत. केळीच्या सोपटाचा ओला दोरा मिळाला तर फुलं त्यावर जास्त वेळ ताजी राहतात. कडुनिंबाला याच दिवसांत बारीक पांढरा मोहोर येतो, गुढीसाठी आणलेल्या डहाळीतला थोडा तोरणात अडकवला की दारातून आत येताना त्याचा मंद वास येतो. वर्षभर टिकणारं काही हवं असेल तर जुन्या खणाच्या चोळीचे किंवा जरीच्या काठाचे त्रिकोण शिवून कापडी तोरण करावं. प्लास्टिकच्या पानांची तोरणं उन्हानं फिकी पडतात, धूळ धरतात आणि धुतली की आणखी केविलवाणी दिसतात. त्यांच्यावर रुपयाही घालू नये असं मला मनापासून वाटतं.

झाडांकडे येण्याआधी ओट्याचं तोंड कुठं आहे ते पाहावं लागतं. पूर्वेच्या ओट्याला सकाळचं मऊ ऊन मिळतं आणि दुपारी सावली, तिथं जवळजवळ काहीही जगतं. दक्षिणेच्या ओट्याला चैत्रात ऊन फार आत येत नाही, कारण दुपारचा सूर्य डोक्याजवळ असतो आणि पुढे आलेलं छप्पर त्याला अडवतं. पश्चिमेचा ओटा सगळ्यांत अवघड. दुपारनंतर कललेलं ऊन छपराखालून थेट आत घुसतं आणि फरशीवर पाय ठेववत नाही. उत्तरेचा ओटा बारमाही सावलीचा समजला जातो, पण उन्हाळ्यात तो फसवतो. मेच्या मध्यास सूर्य मुंबई-पुण्याच्या बरोबर डोक्यावर येतो आणि त्यानंतर जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारी तो उत्तरेकडे झुकलेला असतो. सावलीत म्हणून ठेवलेल्या फर्नच्या कुंड्या मे अखेरीस करपतात त्या यामुळे.

पश्चिमेच्या कडक उन्हासाठी बोगनवेल घ्यावी. मूळ ती दक्षिण अमेरिकेची, पण आपल्या दुष्काळी तालुक्यांतही मुळं धरून बसली आहे. तिची रंगीत दिसणारी पानं पाकळ्यांची जागा घेतात, खरं फूल म्हणजे त्यांच्या मधली बारीक पांढरी नळी. पाण्याचा थोडा ताण बसला की ती जास्त फुलते, म्हणून रोज पाणी घालणाऱ्यांकडे तिला पानंच पानं येतात. माती बोटभर कोरडी झाल्याशिवाय तिला पाणी देऊ नये. शेजाऱ्यांच्या कुंपणावरच्या बोगनवेलीची पेन्सिलीएवढी जाड फांदी मागून आणली तरी लागते.

कठड्यासाठी ऑफिस टाइम. सकाळी ऊन चढताना उमलणारं आणि दुपारनंतर मिटणारं हे फूल उन्हाला भीत नाही. त्याच्या पानांत पाणी साठलेलं असतं, बोटभर काडी मातीत खोचली की आठवड्या-दोन आठवड्यांत मूळ धरते. एका कुंडीच्या दहा कुंड्या याच महिन्यात करता येतात. सदाफुली तर भिंतीच्या भेगेतही उगवते, पांढरी आणि गुलाबी दोन्ही. तिचा पाला विषारी आहे, तेव्हा तोंडात काहीही घालणारं रांगतं मूल घरात असेल तर ती उंचावर ठेवावी. वेल हवा असेल तर गोकर्णाच्या चार बिया रात्रभर भिजवून लावाव्यात आणि खिडकीच्या गजांना सुतळी बांधून द्यावी.

आणि मोगरा. दारात एकच कुंडी ठेवायची ऐपत किंवा जागा असेल तर ती मोगऱ्याची असावी. चैत्राच्या संध्याकाळी ओट्यावर बसल्यावर त्याचा वास आला की बाकी सजावट कमी पडली तरी चालते. त्याला किमान दहा इंची कुंडी आणि पाच-सहा तासांचं ऊन लागतं. मोगरा नव्या फुटव्यांवर फुलतो, एवढं लक्षात ठेवलं की त्याची सगळी निगा कळते. थंडी सरताना त्याची छाटणी करायची, जुनी पानं ओरबाडायची, काही दिवस पाणी तोडायचं, मग शेणखत घालून पाणी सुरू करायचं. फुलांचा एक बहर ओसरला की शेंडे दोन-तीन इंच खुडायचे, पुन्हा फुटवे येतात आणि पुन्हा कळ्या धरतात. हे न करता मोगरा फुलत नाही म्हणून नवं रोप आणणारे लोक पाहिले की वाईट वाटतं. बहुतेक वेळा जुन्या रोपाला फक्त कात्री हवी असते.

कुंड्या मातीच्याच घ्याव्यात. पुण्यात कुंभारवाड्यात, मुंबईत धारावीच्या कुंभारवाड्यात आणि बहुतेक गावांच्या कुंभार आळीत त्या दुकानापेक्षा स्वस्त मिळतात, आणि किंचित वाकडी किंवा टवका गेलेली कुंडी आणखी कमी पैशांत. मातीच्या कुंडीच्या अंगातून पाणी पाझरून उडतं, त्यामुळे मुळं गार राहतात. पत्र्याचे तेलाचे डबे फुकट असतात खरे, पण उन्हात ते तापतात आणि मुळं भाजतात. ते वापरायचेच तर तळाला खिळ्यानं सात-आठ भोकं पाडावीत, बाहेरून चुना किंवा पांढरा रंग द्यावा, विटांवर ठेवावेत आणि सावलीतल्या झाडांसाठी राखावेत. भोकावर खापरी, वर दोन भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग कोकोपीट किंवा कुजका पालापाचोळा. मातीवर वाळक्या पानांचा दोन बोटं थर दिला की पाणी निम्म्या वेगानंही उडत नाही. एसीतून गळणारं पाणी झाडांना चालतं, तांदूळ-डाळ धुतलेलंही चालतं. आरओ यंत्रातून वाया जाणाऱ्या पाण्यात क्षार जास्त असतात, ते फरशी पुसायला वापरावं. कुंडीखालच्या ताटल्यांत पाणी साचू देऊ नये. डेंगीचा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यातच वाढतो आणि अंड्यापासून उडायला त्याला आठवडा-दीड आठवडा पुरतो, म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळ्या ताटल्या उलट्या करून वाळवाव्यात.

सावलीची सोय हीसुद्धा सजावटच. बुरूड आळीत बांबूच्या कामट्यांचे चिक मिळतात, पश्चिमेच्या ओट्याला त्यांच्याइतका उपयोग कशाचाच होत नाही. तेही परवडत नसेल तर गोणपाट उसवून, धुऊन, त्याला जुन्या साडीचा काठ लावून पडदा शिवावा. नागपूर-अमरावतीकडे वाळ्याचे पडदे भिजवून लावतात, कारण तिथली कोरडी हवा पाणी झपाट्यानं उडवते आणि उडताना ते भोवतालची उष्णता घेऊन जातं. रत्नागिरीत किंवा मुंबईत हाच पडदा भिजवला तर दमटपणा तेवढा वाढतो, म्हणून तिथं तो कोरडाच ठेवावा. माठही पाणी असंच पाझरून, उडून गार होतो. पाडव्यापासून वाटसरूंना पाणी द्यायची, पाणपोई घालायची आपल्याकडे रीत आहे. ओट्यावर लाल माठ, त्याला ओल्या फडक्याची पट्टी, वर झाकण आणि ओगराळं मांडून ठेवलं तर पोस्टमन, सिलिंडर घेऊन येणारा, भाजीवाली यांची सोय होते, आणि लाल मातीची ती गोल आकृती कुठल्याही शोभेच्या वस्तूपेक्षा जास्त शोभते. पाखरांसाठी उथळ मातीची ताटली ठेवावी आणि तिच्यातलं पाणी रोज बदलावं.

फुलं विकत आणायची गरज चैत्र-वैशाखात पडू नये. रस्त्याकडेची झाडं या दिवसांत स्वतःहून सडा घालतात. फाल्गुनात पळस आणि सावर, मग चाफा आणि शिरीष, एप्रिल-मेमध्ये बहावा, त्याच सुमारास महाराष्ट्राचं राज्यफूल तामण, आणि पाठोपाठ गुलमोहर. सकाळी फिरायला जाताना पिशवी न्यावी, खाली पडलेली तेवढीच वेचावीत, झाडावरची तोडू नयेत. माळ्यावरचं तांब्याचं घंगाळ काढून चिंचेनं घासावं, पाण्यानं भरावं आणि वर ती फुलं सोडावीत. पिवळ्या बहाव्यात जांभळं तामण मिसळलं की पाहत राहावंसं वाटतं. घंगाळ नसेल तर परात चालते. पाणी मात्र दुसऱ्या सकाळी झाडांना घालावं, शिळं ठेवू नये.

दिव्याबद्दल थोडक्यात. चमचमणाऱ्या माळांनी ओटा दुकानासारखा दिसतो. दारावर पिवळसर प्रकाशाचा, 2700 ते 3000 केल्विनचा, नऊ वॅटचा एक एलईडी बल्ब लावावा. रोज पाच तास जळला तरी महिन्याला दीड युनिटही वीज लागत नाही. बल्ब उघडा न ठेवता बांबूची परडी उलटी करून तिच्यात बसवला की भिंतीवर जाळीदार सावली पडते.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना यातलं बरंच काही करता येतं, फक्त जिन्यातली आणि पॅसेजमधली वाट मोकळी ठेवायला हवी. आगीच्या वेळी अंधारात आणि धुरात लोक त्याच वाटेनं खाली उतरणार असतात, तिथं कुंडी किंवा बाकडं अडथळा होतं. म्हणून तिथली सजावट दारावर आणि उंबऱ्यावर घ्यावी: धुतलेलं, रंगवलेलं दार, कापडी तोरण, पाटावर काढलेली लहान रांगोळी, जी रात्री उचलून आत घेता येते. कुंड्या बाल्कनीत. शेजारची चार घरं मिळून एकाच वेळी दारं रंगवायला घेतली तर एकच डबा आणि एकच रंगारी सगळ्यांना पुरतो.

अक्षय तृतीयेला गौर परत जाते, चैत्रांगण पुसलं जातं. त्यानंतर ओट्याचं काम आहे ते मृगाच्या आधीचं. चिक आणि गोणपाट झटकून, उन्हात वाळवून माळ्यावर टाकावेत, बोगनवेल पागोळ्यांच्या बाहेर सरकवावी, कारण तिच्या मुळांशी पाणी साचलं तर ती कुजते, आणि कुंड्यांची भोकं तारेनं मोकळी करून घ्यावीत. पहिला पाऊस पडून माती भिजली की मोगऱ्याच्या हातभर फांद्या कापून त्यांच्या वीतभर कांड्या कराव्यात, खालची पानं काढून ओल्या मातीत सावलीला लावाव्यात. पावसाळ्यात त्या लागतात. थंडी सरताना त्यांना स्वतंत्र कुंड्या दिल्या की पुढच्या चैत्रात विकत आणण्याऐवजी शेजाऱ्यांना वाटता येण्याइतकी रोपं हाताशी असतात.